कुलूपबंद घराचं करंट बिल (थरारकथा लिहितोय, बेळगाव-खानापूरकडच्यांनी जरा वाचा)

रानवाट | रविवार, रात्री 10.20

नमस्कार मंडळी. दोन वर्षं एक दीर्घकथा डोक्यात घोळतेय. पंधरा पानं झाली आणि तिथंच गाडं अडलंय. भूत, तांत्रिक, मागं लागलेला खुनी यातलं काहीही नाही. तरी वाचताना मान मागं वळवून बघावंसं वाटलं पाहिजे, एवढीच अपेक्षा.

नायक कोल्हापुरात, शिरोलीच्या एका फौंड्रीत. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. धाकटा भाऊ बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशीनवर होता. रात्रपाळी करून पहाटे गाडीवरून घरी येताना गेला. नायक तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन उरकतो, आईला घेऊन कोल्हापूर गाठतो आणि घराला कुलूप लावतो. मग एकेक दोर कापत जातो. नंबर बदलतो, भावकीच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, जत्रेला नाही, लग्नाला नाही.

दोन गोष्टी मात्र सुटत नाहीत. पहिली म्हणजे करंट बिल. कर्नाटक सरकारच्या गृहज्योतीमुळं (घरगुती वीज मोफत द्यायची योजना) रक्कम शून्य येते, खरं युनिट येतात. पाच, सहा, पाच, पाच, सहा. कुलूपबंद घरात.

दुसरी म्हणजे भावाच्या डब्याच्या पिशवीत सापडलेला कागद. हातानं लिहिलेला, कन्नडमध्ये. नायक मराठी शाळेतला. बाजारापुरतं कन्नड बोलतो, वाचता येत नाही. घरात कन्नड वाचणारा तेवढा भाऊच होता. जमिनीच्या उताऱ्यावर काय लिहिलंय, नोटीस कसली आली, समोरून येणारी बस कुठली, सगळं त्यालाच विचारायचं. तो कागद नायक दोन वर्षं पाकिटात घेऊन फिरतो. कुणालाही दाखवला असता तर दोन मिनिटांत वाचून झाला असता. दाखवत नाही.

अडलंय ते इथं: घरात कोण आहे ते मलाच माहीत नाही. आणि कागदात काय आहे तेही ठरत नाही.

पेठेतला | रविवार, रात्री 10.52

कल्पना आवडली. शंका एक. मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरला की भाषांतर समोर येतं. दोन वर्षं कशाला थांबेल कोणी? तिथंच कथा पडते. आणि खानापूर म्हणजे विट्याजवळचंच ना?

गणपत गल्ली | रविवार, रात्री 11.05

विट्याचं नव्हे हो. बेळगावचं खानापूर. दर वेळी कुणीतरी पुण्याचं विचारतंच.

धागाकर्त्याला एक सांगतो. नायक परत येतो तेव्हा खानापुरात उतरून रिक्षा करतो असं लिहू नका (लिहिलं असणार, मला खात्री आहे). जांबोटीच्या अलीकडच्या गावाला कोल्हापूरकडनं येणारा माणूस बेळगावातनंच पिरनवाडी, किणये करत जाणार. भाऊ उद्यमबागेत होता म्हणजे त्याचाही रोजचा रस्ता तोच. म्हणजे नायकाला गावी जायचं तर भाऊ जिथं गेला तिथूनच जावं लागणार. दुसरी वाट धरली तर खानापूरवरनं वळसा. तो वळसा घेतो की नाही, हे बघायला मला आवडेल.

रानवाट | रविवार, रात्री 11.18

रिक्षा लिहिली होती. खोडली.

@पेठेतला, छापील मजकूर कॅमेऱ्याला वाचता येतो. घाईत बॉलपेननं लिहिलेलं कन्नड धड जमत नाही. खरं मुद्दा तो नाहीच. न वाचणं हाच त्याचा पळ आहे. वाचलं की भावाचं शेवटचं बोलणं बोलून संपणार.

पेठेतला | रविवार, रात्री 11.30

पटलं. पण "रक्कम शून्य येते, खरं युनिट येतात" अशी वाक्यं तुम्ही लिहिता, तिथं मी दर वेळी अडखळतो. खरं काय त्यात?

शहापूरची सून | सोमवार, सकाळी 7.15

अहो, आमच्याकडं "खरं" म्हणजे "पण". मी लग्न होऊन साताऱ्याहून बेळगावच्या शहापुरात आले तेव्हा माझंही असंच झालेलं. सासूबाई म्हणायच्या, "भाजी केलीय, खरं मीठ नाही." मी घाबरून बघायचे, एरवी कुठलं खोटं मीठ घालतात की काय.

रानवाट, हा शब्द अजिबात बदलू नका. उलट वापरून घ्या. "येतो म्हणाला, खरं आला नाही." हेच वाक्य कोल्हापुरातला वाचेल एक आणि मुंबईतला वाचेल दुसरंच. दोन्ही अर्थ तुमच्या कथेला चालतात.

आता माझी तक्रार. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन निघाला, हे होणार नाही. भावकी सोडणारच नाही. बाराव्याच्या आत घराला कुलूप? गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. त्याला राहू दे बारा दिवस. पळ काढू दे, खरं कावळ्यापाशी. नैवेद्य ठेवलाय, सगळे लांब उभे, कावळा झाडावर बसलाय आणि खाली उतरत नाही. मग एकेकजण मोठ्यानं कबूल करायला लागतो. आईला बघतो रे, कर्ज फेडतो रे, बहिणीचं करतो रे. माझ्या सासऱ्यांच्या वेळी पाऊण तास झाला होता. शेवटी दीर म्हणाले, "तुमचं रेशन दुकानाचं भांडण मिटवतो," तेव्हा शिवला. हसायचं की रडायचं कळेना.

तुमच्या नायकाला कबूल करायला काहीच सुचत नाही आणि तो गाडी काढून निघून जातो. मागं कोण काय बोललं, कावळा शिवला की नाही, त्याला कळलेलंच नाही. त्याला विचारवतही नाही. माझ्या मते तुमचा थरार इथं आहे, बिलात नव्हे.

निपाणीकर | सोमवार, सकाळी 9.02

वरचा प्रतिसाद एक नंबर.

मला त्याची गावाकडची वाट बघायची आहे. कागल सुटलं, दूधगंगेचा पूल गेला, कोगनोळीचा नाका आला की पाट्या बदलायला लागतात. आपल्याला सवय झालीय, लक्ष जात नाही. ह्याचं जाणार. दोन वर्षांनी येतोय, पाट्या वाचून दाखवणारा शेजारी नाही. आम्ही निपाणीची पोरं वळणावरनं नि झाडावरनं गाव ओळखतो, पाटी वाचत बसत नाही. तसा हाही अंदाजानं ओळखत जाईल.

आणि त्याला एक रात्र निपाणीत अडकवा. डिसेंबर 2022 ला सीमावादात दोन्हीकडच्या गाड्या बंद झाल्या होत्या, तशी. पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही. पळणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट काय?

कडोलीकर | सोमवार, सकाळी 9.40

मग 1 नोव्हेंबर का नको? काळा दिवस, सायकल फेरी, तिकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक. 1956 पासूनचं दुखणं आहे आपलं. 2014 ला तर बेळगावचं नावच बदललं कागदावर. आख्खा भागच भूतकाळात अडकलाय म्हणता येईल की. मोठी कादंबरी होईल.

रानवाट | सोमवार, सकाळी 10.10

@कडोलीकर, राग मानू नका, त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तिथं आपण दोघंही भांडलेलो आहोत. एका माणसाच्या दुःखावर आख्ख्या सीमाभागाचं ओझं टाकलं की तो माणूस दिसेनासा होतो. पाटी वाचता येत नाही, एवढा सीमाप्रश्न मला पुरे.

निपाणीची रात्र घेतो. कावळाही घेतो. शहापूरच्या वहिनी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

समुपदेशी | सोमवार, दुपारी 2.25

मी याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडं लांबण लावते.

दुःखाचे पाच टप्पे कथेत आणू नका ही हात जोडून विनंती. नकार, राग, सौदा असं पायरीपायरीनं कुणी चढत नाही. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना ते नंतर चिकटले.

मला जवळचं वाटतं ते स्ट्रोबे आणि शुट यांचं 1999 मधलं म्हणणं. माणूस दुःखाकडं जातो, मग तिथून निघून दूध-भाजी-कामावर येतो, परत जातो. झोका असतो तो. पळणं हासुद्धा त्या झोक्याचाच एक भाग, त्यात वावगं काही नाही. बिघडतं केव्हा, तर झोका एकाच टोकाला अडकला की. तुमचा नायक कामाच्या टोकाला अडकलाय. ओव्हरटाइम मागून घेत असेल, बघा.

आता "घरात कोण आहे". 1971 मध्ये डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समध्ये 293 विधवा-विधुरांना विचारलं. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवतं, काहींना दिसतं, आवाज येतो. बहुतेकांनी हे आधी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. हे वेड नव्हे. आपल्याकडं मात्र कुणी बोलून दाखवलं की "धारवाडला दाखवून आणा" (तिथल्या मनोरुग्णालयात) म्हणतात, म्हणून माणूस गप्प बसतो. थरार हवा असेल तर त्या गप्प बसण्यात शोधा. आईलाही भाऊ जाणवतो, ह्यालाही जाणवतो, दोघं एका खोलीत जेवतात आणि दोघंही एकमेकांपासून लपवतात.

लांबलेल्या शोकाला आता आजार म्हणून नाव मिळालंय. अमेरिकन मानसोपचाराच्या पुस्तिकेत 2022 मध्ये आलं, मोठ्यांसाठी वर्षभराची अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सहा महिने. आठवण करून देणाऱ्या वस्तू आणि जागा टाळत राहणं हे त्याच्या लक्षणांत येतं. न वाचलेला कागद म्हणजे नेमकं तेच. फक्त तुमचा नायक कागद टाळतोही आणि खिशात बाळगतोही. ते मला फार खरं वाटलं. (तुमच्या अर्थानं नाही, आमच्या अर्थानं खरं!)

एक विचारते, आवडलं नाही तर सोडून द्या. हा कागद खरंच आहे का?

रानवाट | सोमवार, रात्री 11.48

कागद नाही. तो रचलेला आहे.

बिल आहे.

गणपत गल्ली | मंगळवार, सकाळी 6.50

रात्री वाचलं, काही लिहावंसं वाटेना. सावकाश लिहा राव. घाई कुणालाच नाही.

समुपदेशी | मंगळवार, सकाळी 8.05

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही. माझ्याशी नको वाटलं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, तिथं मराठीतही बोलतात. इथं कथेबद्दलच बोलू, तुम्ही म्हणाल तसं.

मीटरवाले काका | मंगळवार, सकाळी 11.30

मी एरवी वाचतो फक्त, लिहीत नाही. मीटर रीडिंगच्या कामात जन्म गेला, आता घरीच असतो. हे वाचून राहवेना.

घर बंद असलं आणि मीटरपर्यंत जाता आलं नाही तर सरासरी धरून बिल काढतात. सरासरीचा आकडा दर महिन्याला तोच असतो, हलत नाही. तुमचं पाच, सहा, पाच, पाच, सहा असं हलतंय. म्हणजे मीटर भिंतीला बाहेरून आहे आणि रीडिंग दर महिन्याला खरोखर घेतलेलं आहे. म्हणजे घरात तेवढा करंट जळतोय.

आता हिशेब. फ्रिज असता तर इतकं कमी आलं नसतं. पंखा, टीव्ही, मोटर काहीच नाही. जुना झिरोचा बल्ब, 15 वॅटचा. रोज 12 तास लावला तर 180 वॅट-तास. तीस दिवसांचे 5.4 युनिट. मीटर पूर्ण युनिटातच वाचतात, वरची 0.4 साठत जाते म्हणून एखाद्या महिन्याला पाच, एखाद्याला सहा. तुमचे आकडे बरोब्बर बसतात.

कुणीतरी संध्याकाळी सहाला झिरोचा बल्ब लावतंय आणि सकाळी सहाला घालवतंय. रोज. फारशा रात्री चुकत नाहीत. चुकत राहिल्या असत्या तर आकडा खाली आला असता.

मला विचाराल तर एकच विचारायचं आहे. तुमच्या पडवीतला बोर्ड कुलपाच्या आत आहे का बाहेर?

पेठेतला | मंगळवार, दुपारी 12.10

अंगावर काटा आला. काका, तुम्हीच लिहा कथा.

रानवाट | मंगळवार, दुपारी 12.15

बाहेर. दाराच्या डाव्या हाताला. एक बटण नि एक प्लग. प्लग भावानं बसवलेला, मोबाईल लावून पडवीत झोपायचा म्हणून.

शहापूरची सून | मंगळवार, दुपारी 1.00

शेजारी कोण राहतं?

निपाणीकर | मंगळवार, दुपारी 1.20

वहिनी, थांबा जरा. त्यांना बोलू दे.

(दरम्यान कागदाचं बोलूया. माझ्या मते त्यात काहीतरी भयंकर असायला पाहिजे. कर्ज, धमकी, असलं काही. नाहीतर वाचक म्हणणार, यासाठी वीस पानं फिरवलंत?)

गणपत गल्ली | मंगळवार, दुपारी 2.45

मला उलट वाटतं. कागद अगदी साधा निघावा. मी कन्नड शाळेत शिकलो, घरी मराठी. कारखान्यात कन्नडमध्ये हातानं लिहायचं ते काय? रजेचा अर्ज! सुपरवायझरला. "भावाला भेटायला कोल्हापूरला जायचं आहे, दोन दिवस रजा मिळावी." तारीख घाला पुढच्या आठवड्याची. दिलेलाच नाही, डब्याच्या पिशवीत राहिला.

आणि कुणीतरी त्याला वाचून दाखवतं ते बसमध्ये, शेजारी बसलेली कॉलेजची पोरगी, कानातली वायर काढून, सहज. वाचते, कागद परत देते, परत वायर घालते.

आणखी एक. कन्नडमध्येही घरातनं निघताना नुसतं "जातो" म्हणत नाहीत. "होगि बर्तेनि". जाऊन येतो. आपल्यासारखंच.

निपाणीकर | मंगळवार, दुपारी 3.10

रजेच्या अर्जानं थरार संपतो, मी माझ्या मतावर ठाम. पोरगी मात्र आवडली.

कडोलीकर | मंगळवार, दुपारी 3.30

थरार संपत नाही हो, तिथं सुरू होतो. भयंकर काही निघालं असतं तर त्याला कुणावर तरी राग धरता आला असता. अर्जावर काय राग धरणार?

(कालच्या बोलण्याचा राग नाही. पटलं.)

रानवाट | बुधवार, रात्री 12.35

अर्ज घेतो. गणपत गल्ली, आभारी आहे. निपाणीकर, तुम्हाला पुढच्या कथेत खून देतो.

आज संध्याकाळी काकूला फोन केला. आमच्या भिंतीला भिंत लागून घर आहे तिचं. दोन वर्षांत बोललो नव्हतो. नंबर पाठ होता तोच चालू आहे.

आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही. रागावली नाही. आधी आईच्या गुडघ्याचं विचारलं, मग काजूला यंदा मोहोर बरा आहे म्हणाली, मग माकडांनी कौलं फोडली ती कुणी शाकारली ते सांगितलं. मीच विचारलं, पडवीतला दिवा कोण लावतं?

"मी लावत्ये की. काळोखात गाडी आत घेताना पायरीला आपटायचा न्हवं तो. आणि त्या दिवशी कबूल केलंय मी. तू गेलास तवा. लई वेळ शिवंना कावळा. मी म्हटलं, बाबा, तुझ्या पडवीत उजेड ठेवत्ये. मग शिवला."

मी इकडं बिलाचे आकडे वहीत लिहून ठेवायचो. महिन्याच्या महिन्याला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या आकड्यांकडं बघत बसायचो, हे घरात कुणाला माहीत नाही. बेळगावात खोली घेतो म्हणाला होता तो. रोजची ये-जा नको, पहाटे झोप येते गाडीवर, असं म्हणाला होता. आई एकटी पडेल म्हणून मीच नको म्हटलं होतं. हे कथेत घेतलेलं नाही अजून.

शहापूरची सून | बुधवार, सकाळी 6.40

वाचलं. चहा गार झाला.

ते कथेत आत्ताच घ्यायला पाहिजे असं नाही. आणि काकूकडं जाताना कुंदा न्या, मोकळ्या हातानं जाऊ नका.

समुपदेशी | बुधवार, सकाळी 9.15

वही जपून ठेवा. आईंना सांगा काकूंचं बोलणं. त्यांनाही कुणीतरी सांगायला हवंय असं मला वाटतं.

पेठेतला | बुधवार, सकाळी 10.00

कथेतल्या नायकालाही काकूच सापडणार का मग?

रानवाट | बुधवार, सकाळी 10.20

माहीत नाही. कथेत बटण कुलपाच्या आतच ठेवावं म्हणतोय. त्याला आत जाऊ दे.

मी रविवारी जातोय. किणयेवरनंच.

मीटरवाले काका | बुधवार, सकाळी 11.05

छान केलंत. जाताना एक काम करा. तो झिरोचा बल्ब काढून अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, स्वस्तात मिळतो. वर्षानुवर्षं जळत नाही, काकूंना स्टुलावर चढावं लागणार नाही. करंटही नावालाच. महिन्याला पाव युनिटसुद्धा होणार नाही, बहुतेक महिने बिलात शून्य दिसेल.

रानवाट | बुधवार, सकाळी 11.12

नको काका. युनिट दिसायला पाहिजेत.